गुलाबावरची कीड आणि घरचे उपाय



कारखान्याच्या फाटकाबाहेर पेटीवर उभे राहून बोलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी वसंत व्याख्यानमालेत येऊन गुलाबावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांचीही अपेक्षा वेतनकरार किंवा कंत्राटी पद्धत अशा एखाद्या विषयाची होती. आम्ही गुलाबावरच्या किडीचे नाव काढताच ते क्षणभर गप्पच झाले. परंतु १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून तिची ख्याती अशी की, रोजच्या जगण्याला उपयोगी पडणारा कोणताही विषय तिला वर्ज्य नाही. आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही इमारतीकडे मान वर करून पाहावे, तर चार खिडक्यांआड एका जाळीत गुलाबाची कुंडी दिसतेच. तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे.

आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, लोकलच्या डब्यात आणि कुंडीपाशी. डॉ. बी. पी. पाल यांच्यासारखा शास्त्रज्ञ, जो भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक झाला, तो स्वतः गुलाबाच्या नव्या जाती तयार करीत असे आणि १९६६ साली त्याने भारतातल्या गुलाबावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, हे आम्हांस वाचनालयातच कळले. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. वीसपंचवीस वर्षे कुंड्या सांभाळताना जे पटले आणि जे वाचनाने ताडून पाहिले, तेवढेच येथे सांगणार आहोत.

औषध म्हणावे कशाला?

आपल्या भाषेत किडीवर फवारण्याच्या विषाला 'औषध' म्हणतात. दुकानात जाऊन आपण 'किडीचे औषध द्या' असेच म्हणतो. ह्या एका शब्दाने आमचीही बरीच वर्षे फसगत केली होती.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व उपनगरातील एका गाळ्यात आठदहा बाया काम करीत. मोठ्या पिंपातले कीटकनाशक नरसाळ्याने लहान बाटल्यांत भरावयाचे, बूच लावावयाचे आणि खोक्यात मांडावयाचे, हे त्यांचे काम. हातमोजे नाहीत, पंखा नाही, बाटलीवर चिठ्ठी नाही. संध्याकाळी डोके दुखे, मळमळे, तोंडाला पाणी सुटे, डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे होई. मालक म्हणे, उन्हाळ्याचा त्रास आहे, लिंबूपाणी प्या. त्यांतली एक बाई आमच्या कचेरीत आली आणि आपले हात टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, हे औषध झाडाला लागायच्या आधी आमच्या हाताला लागतंय." आम्ही एका डॉक्टर मित्राला बोलावून आणले. त्याने प्रत्येकीच्या डोळ्यांवर बॅटरी धरून पाहिली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. विषबाधेचीच ती खूण होती. आम्ही मागण्या मांडल्या, हातमोजे मिळाले, भिंतीत एक पंखा बसला. आणि महिन्याभरात एका रात्री तो गाळा सामानसुमानासह कुठे नाहीसा झाला, त्याचा पत्ता लागला नाही. बायांचा शेवटचा पगारही बुडाला.

त्या रात्री घरी आलो. आमचे बिऱ्हाड तेव्हा घाटकोपरच्या डोंगरउतारावरील एका चाळीत होते. गॅलरीच्या कठड्यावर, गुलाबाच्या कुंडीशेजारी, तीच बिनचिठ्ठीची बाटली उभी होती. आम्हीच ती नाक्यावरच्या दुकानातून, आमच्या सौभाग्यवतींच्या गुलाबावरील माव्यासाठी, आठवड्यापूर्वी आणली होती. शेजारच्यांची दोन मुले त्याच कठड्याला धरून उभी राहात.

हे विष काम कसे करते, ते आम्ही मग वाचून समजावून घेतले. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो एका रसायनाच्या द्वारे, आणि हुकूम पोचताच ते रसायन पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. सेंद्रिय फॉस्फरसाच्या जातीची विषे ह्या पुसणाऱ्यालाच जायबंदी करतात. मग हुकूम थांबतच नाहीत. स्नायू आवळत राहतात, लाळ व घाम वाहू लागतो, आणि मात्रा मोठी असली तर श्वास बंद पडतो. किड्याचे मज्जातंतूही ह्याच तत्त्वावर चालतात, म्हणून किडा मरतो. मावा व माणूस ह्यांत ह्या विषाच्या लेखी फरक आहे तो केवळ वजनाचा.

ह्याची किंमत आपल्या देशाने वारंवार मोजली आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली आणि पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा आला. १९८४ साली २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भोपाळात ज्या वायूने हजारोंचे प्राण घेतले, तो मिथाइल आयसोसायनेट वायू कार्बारिल नावाचे कीटकनाशक बनविण्यासाठीच साठविलेला होता. बागेत व परसात ते सर्रास मारले जाई. भारतात त्यावर बंदी येण्यास २०१८ साल उजाडले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या खरिपात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशीचा शेतकरी पोटासाठी फवारतो. त्याची अडचण आम्ही समजू शकतो. पण चार कुंड्यांतल्या हौसेसाठी तेच विष घरात आणण्याची आपल्याला काय गरज आहे? आमच्या अनुभवाने ती गरज मुळीच नाही, आणि ते का, हेच आता पाहावयाचे.

आधी पाहणे, मग उपाय

कामगाराची तक्रार न ऐकता मागणीपत्र लिहिणारा पुढारी जसा फसतो, तसा पानाची मागची बाजू न पाहता फवारणारा माळी फसतो. भिंग असल्यास उत्तम. नसल्यास डोळे व एक कोरा पांढरा कागद पुरे. आपल्या उपनगरांत गुलाबाचे वर्ष साधारण असे असते. पावसाळ्यात तो कसाबसा तग धरतो. दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरात, छाटणी होते. नवी फूट येते. डिसेंबर ते फेब्रुवारी बहर. आणि मार्चनंतर ऊन व धूळ ह्यांचा काळ. प्रत्येक ऋतूची कीड वेगळी असते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

मावा. थंडी पडली आणि कोवळी फूट आली की, कळीच्या देठावर हिरव्या किंवा काळपट, टाचणीच्या डोक्याएवढ्या किड्यांची दाटी होते. सोंड खुपसून ते रस शोषतात. माव्याची मादी नराविना, अंडी न घालता, थेट पिले देते, आणि अनुकूल हवेत ते पिलू आठवड्यादीड आठवड्यात स्वतः आई होते. म्हणून सोमवारी पाच दिसलेले पुढच्या रविवारी मोजता येत नाहीत. पण मावा मऊ आणि दुबळा असतो. पाण्याच्या जोरदार धारेने तो खाली पडला की पुष्कळसा परत चढत नाही. दोनतीन दिवसांआड सकाळी धार मारली आणि उरलेल्यांना चिमटीने पुसून काढले, तर बहुधा दुसऱ्या उपायाची गरजच पडत नाही. युरिया घालून फार मऊ, लुसलुशीत फूट आणली तर मावा अधिक येतो, हेही ध्यानात ठेवावे.

माव्याबरोबर मुंग्या दिसतात. मावा जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्या चाटतात आणि त्याच्या मोबदल्यात माव्याच्या शत्रूंना हाकलून लावतात. आम्हां चळवळीतल्या माणसांना येथे मुकादमाची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. मुंगीला कुंडीवर चढू दिले नाही तर अर्धे काम होते. कित्येकजण त्यासाठी कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवतात. ते मात्र करू नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठदहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, आणि महापालिकेचे लोक ह्याच थाळ्या तपासावयास येतात. तिवईच्या पायांना ग्रीजचा किंवा व्हॅसलिनचा पट्टा लावावा. मुंगी तेथूनच परतते.

फुलकिडे. कळी येते, पण नीट उमलत नाही. पाकळ्यांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या होतात. कोवळी पाने वाकडी होतात. अशी कळी पांढऱ्या कागदावर झटकावी. तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर किंवा काळे, लांबट जीव पळताना दिसतील. हे पाकळ्यांच्या घडीत दडून बसतात, म्हणून फुललेल्या फुलावर काहीही मारून उपयोग होत नाही. बिघडलेल्या कळ्या खुडाव्या, साबणाच्या पाण्यात बुडवाव्या. आणि पुढच्या कळ्या हिरव्या व घट्ट असतानाच, त्यांत रंग दिसण्यापूर्वी, निंबाचा फवारा द्यावा. वेळ साधणे हाच येथे अर्धा उपाय आहे.

पिठ्या ढेकूण व खवले कीड. पानाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की तो पिठ्या ढेकूण. जुन्या काडीवर लालसर तपकिरी, गोल, खपलीसारखे ठिपके दिसले आणि नखाने खरवडता निघाले, तर ती खवले कीड. दोघेही अंगावर मेणाचे किंवा खपलीचे चिलखत घालून बसतात. नुसता फवारा त्यावरून ओघळून जातो. म्हणून येथे हाताचे काम आहे. पिठ्या ढेकणाला स्पिरिटात बुडविलेला कापसाचा बोळा लावावा. खवल्यांसाठी जुना दात घासावयाचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून काडी हलक्या हाताने घासावी. फार भरलेली काडी छाटणीच्या वेळी कापून टाकावी आणि बंद पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी. कुंडीच्या कोपऱ्यात ती तशीच टाकली तर कीड दोन दिवसांत परत झाडावर चढते.

लाल कोळी. हा किडा नव्हेच. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या किंवा द्रुतगती महामार्गाच्या कडेला ज्यांच्या गॅलऱ्या आहेत, त्यांना ह्याची चांगली ओळख असेल, कारण कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते. पान वरून फिकट, बारीक ठिपक्यांचे दिसते. खाली लाल कण आणि कोळ्याचे जाळे. उपाय अगदी साधा आहे. उन्हाळ्यात रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारावे, पानांवरची धूळ धुवावी. कीटकनाशक मारणाऱ्यांच्या घरी हा कोळी अनेकदा वाढतो, कारण त्याला खाणारे जीव त्या विषाने आधी मरतात.

भुंगेरे. जूनमधील पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे घोंघावू लागतात. सकाळी पाहावे तर पानांना मोठमोठी भोके. ते रात्री खातात व दिवसा मातीत शिरतात. त्यांच्या अळ्या, म्हणजेच हुमणी, मुळे कुरतडतात. रात्री आठनऊला बॅटरी घेऊन झाड हलवावे, पडतील ते साबणाच्या पाण्यात टाकावे. कुंडीची माती बदलताना पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचाव्या आणि मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

आणि एक गैरसमज. पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी नेमकी गोल भोके दिसली की पुष्कळजण घाबरून फवारणी करतात. हे काम पानकाप्या मधमाशीचे. ती पान खात नाही. कापलेल्या तुकड्यांनी आपल्या पिलांच्या घराला अस्तर लावते. ह्याच जातीच्या माश्या तुरीच्या फुलांत परागीभवन करतात. आपल्या ताटातल्या वरणात तिचा वाटा आहे. दोन पाने तिला द्यावी आणि गप्प बसावे.

पावसाळ्यातले काळे डाग व थंडीतली पांढरी भुरी ह्या बुरशीच्या व्याधी आहेत. त्यांवर किडीचा उपाय चालत नाही. रोगट पाने काढावी, कुंड्या दूर दूर ठेवाव्या, आणि पाणी पानांवर नव्हे तर मुळाशी, तेही सकाळी, घालावे. त्यांचा विषय वेगळा असल्याने येथेच थांबतो.

उपाय कसे करावे

सर्वांत पहिला उपाय हात, दुसरा पाणी. ह्या दोहोंनी भागले नाही तर तिसरा साबण. एक लिटर पाण्यात लहान चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, सौम्य द्रव साबण मिसळावा. हे पाणी मऊ अंगाच्या किड्याला प्रत्यक्ष लागले तरच मारते. त्याच्या अंगावरचे मेण विरघळते आणि श्वासाची छिद्रे बंद होतात. वाळले की त्याचा गुण संपतो. म्हणून पानाच्या खालून, किड्यावर नेम धरून मारावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिने पाने करपतात. कोणताही फवारा आधी दोन पानांवर मारून एक दिवस वाट पाहावी. फवारणी संध्याकाळी करावी. भर उन्हात केल्यास पान जळते.

चौथा उपाय निंब. त्याच्या तेलाचा फवारा करावयाचा तर लहान चमचाभर तेल घ्यावे, त्यात पाव चमचा द्रव साबण घालून थोड्या कोमट पाण्यात चांगले घुसळावे, आणि पांढरे दुधासारखे झाले की एक लिटर पाण्यात मिसळावे. साबणाविना तेल वर तरंगते आणि जेथे पडते तेथे पान जाळते. हे पाणी त्याच दिवशी संपवावे. निंबोळीचा अर्क करणे असेल तर वाळलेल्या निंबोळीच्या गराची ५० ग्रॅम भरड कापडात बांधून रात्रभर एक लिटर पाण्यात ठेवावी, सकाळी पिळून, गाळून, किंचित साबण घालावा आणि त्याच संध्याकाळी फवारावा. मुंबईत निंबोळ्या पिकतात त्या ऐन जूनजुलैत, आणि आपल्याकडच्या पावसात त्या वाळण्याऐवजी बुरसतात. म्हणून घाटावरच्या नातलगांकडून सावलीत वाळविलेल्या मागवाव्या. पाला उकळून केलेला काढा बियांच्या मानाने बराच सौम्य असतो.

निंब मारतो कसा, हे कळले तर निराशा होत नाही. त्यातील ॲझाडिराक्टिन हे द्रव्य किड्याची भूक घालविते आणि त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडविते. त्यामुळे परिणाम दिसावयास चारसहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी किडा जिवंत दिसला म्हणून पुष्कळजण बाटली फेकून देतात आणि विषाकडे वळतात. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनतीन वेळा फवारावे. ऊन ह्या द्रव्याचा नाश करते, हे संध्याकाळी फवारण्याचे दुसरे कारण.

निंबाचा गुण आपल्या आजीला ठाऊक होता. धान्यात पाला तीच घालीत असे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवून दिले की, निंबोळीच्या गराचे अगदी विरळ पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळसुद्धा तोंड लावीत नाहीत. पुढे निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर एका अमेरिकन कंपनीने व तेथील कृषी खात्याने युरोपात पेटंट मिळविले. त्याविरुद्ध लढा झाला, २००० साली ते रद्द ठरले, आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. ही विद्या पूर्वीपासून सर्वांची होती, हे त्यामुळे जगापुढे आले.

आता काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. तंबाखूचा काढा हा जुना घरगुती उपाय पुष्कळांनी ऐकला असेल. तो कीड मारतो हे खरे. पण त्यातील निकोटिन हे जालीम विष आहे आणि ते कातडीतून आत जाते. ओल्या तंबाखूची पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर व उलट्या होतात त्या ह्यामुळेच. घरच्या घरी केले आणि झाडापासून मिळाले, एवढ्यावरून कोणतीही वस्तू निर्धोक ठरत नाही. निंबाचे तेलही लहान मुलाच्या पोटात गेल्यास घातक होते. बाटलीवर चिठ्ठी लावून ती उंच फडताळात ठेवावी. रॉकेल फवारू नये. पान जळते आणि घरात आगीचे भय. लसूण-मिरचीच्या पाण्याने काही किडे दूर राहतात, पण डोळ्यांत गेले तर फवारणाराच रडतो. चष्मा लावून करावे, आणि त्यावर फार विसंबू नये. अंड्याची टरफले, चहाचा चोथा हे खत म्हणून ठीक. त्यांनी कीड जात नाही.

आपले मित्र

पाठीवर ठिपके असलेला लाल ढालकिडा सर्वांना ठाऊक असतो. त्याची अळी मात्र काळी, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची आणि लहानशा मगरीसारखी असते, आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती वाढेपर्यंत शेकडो मावे खाते. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या अशाच एका ढालकिड्याने १८८८ नंतर कॅलिफोर्नियातील संत्र्यालिंबांच्या बागा वाचविल्या. आपल्याकडे २००८ साली कोइम्बतूर येथे पपईवरील नवा पिठ्या ढेकूण आढळला आणि तो झपाट्याने पसरला. फवारण्यांनी तो आटोपेना. २०१० साली पोर्टोरिकोहून एक बारीक गांधीलमाशी आणून सोडण्यात आली, ती ह्या ढेकणाच्या पोटात अंडे घालते. आणि बागा सावरल्या. आपल्या कुंडीपाशी शिंपी पक्षी किंवा शिंजीर येत असेल तर तोही चिमण्या चोचीने वेचण्याचे काम करीत असतो. विष फवारले की आधी हे सारे जातात. मावा एका आठवड्यात परततो. ढालकिडा परतावयास महिना लागतो. मधल्या तीन आठवड्यांत झाडाला कोणी वाली नसतो.

एकट्याने होत नाही

आता शेवटची आणि आमच्या मते मुख्य गोष्ट. ती बाटली आम्ही त्या रात्री कठड्यावरून उचलली आणि बंद करून ठेवली. मग साबण आणि निंब सुरू केला. पहिल्या वर्षी आमची कुंडी स्वच्छ होई आणि पंधरा दिवसांत पुन्हा पिठ्या ढेकणाने भरे. उपायच खोटा, असे आम्हांस वाटू लागले. एके दिवशी सौभाग्यवतींनी कठड्यावरून चाललेली मुंग्यांची रांग दाखविली. ती शेजारच्या जास्वंदीवरून येत होती, आणि त्या जास्वंदीवर तिच्या पलीकडच्या कुंडीतून. किडीला बिऱ्हाडाच्या भिंती ठाऊक नसतात. पलीकडचे शेजारी विष मारीत, अलीकडचे काहीच करीत नसत, आणि मध्ये आम्ही चमच्याने साबण मोजीत होतो.

तेव्हा आम्हांस जे येते ते आम्ही केले. म्हणजे सभा घेतली. जिन्यापाशी सात बिऱ्हाडांची माणसे जमली. फार भाषण केले नाही. त्या बायांच्या हातांची हकीकत सांगितली आणि बाटली पुढे ठेवली. ठरले ते असे. दर रविवारी सकाळी आठ वाजता सर्वांनी आपापल्या कुंड्या, पाने उलटून, पाहावयाच्या. भरलेली कुंडी इतरांपासून वेगळी ठेवावयाची. नवे रोप आणले तर दोन आठवडे ते निराळे राहील. निंबाचा फवारा करावयाचा तर सर्वांनी एकाच संध्याकाळी, एकाच बादलीतून. आणि बिनचिठ्ठीची बाटली गॅलरीत येणार नाही. पहिल्या महिन्यात दोघे गळाले, एकाने चोरून जुनेच मारले, तक्रारी झाल्या. संघटनेत हे होतेच. पण त्या थंडीत सातही बिऱ्हाडांतले गुलाब फुलले. काही पाने भोकांची होती, दोनचार कळ्या वाकड्या निघाल्या. त्याचे कोणाला वाईट वाटले नाही.

आता त्या चाळीच्या जागी उंच इमारत उभी आहे आणि आम्ही मुलुंडला राहातो. तेथेही गच्चीवर रविवारची फेरी सुरू केली आहे. आपल्या सोसायटीची समिती वर्षातून एकदा फवारणीवाल्याला बोलावीत असेल, तर आपण एवढे जरूर विचारावे, की तो काय फवारणार आहे, त्याचे नाव बाटलीवर छापलेले आहे काय, आणि फवारणाऱ्या मुलाच्या हातात मोजे व तोंडावर मुखपट्टी आहे काय. ह्या तीन प्रश्नांना खर्च येत नाही.

त्या गाळ्यातल्या बायांपैकी एक पुढे आम्हांस भाजीबाजारात भेटली. तिच्या हातात लहानशी पिशवी होती. तिने आत पाहावयास सांगितले. गावठी गुलाबाचे रोप होते. 'घरी लावणार?' म्हणून आम्ही विचारले. ती म्हणाली, "लावीन तर! पण औषध मारायचं नाही, दादा. हातानंच वेचीन." आमच्या तासाभराच्या व्याख्यानाचा सगळा मथितार्थ तिने एका वाक्यात सांगितला. तो आपणही मनावर घ्यावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.